आप्पा नुसतं 'बस' म्हणाले

माझ्या तोंडाला कुलूप लावायची सोय असती ना, तर त्या दुष्काळात माझी अशी फजिती झालीच नसती! ऐकाच.

आमच्या आप्पांनी आम्हा बहीण-भावांवर कधी हात उगारला नाही. ओरडलेही नाहीत. चूक झाली की समोर बोलवायचे, म्हणायचे, "बस." आणि मग गप्प! जमिनीकडं बघत गप्प! त्यापेक्षा चार रट्टे परवडले असते हो. शेवटी आम्हीच घाबरून सगळं भडाभडा सांगून टाकायचो.

त्या वर्षी आमच्या आष्टीकडं माणसांनाच पाणी नव्हतं, जनावरांना कुठलं? आई-आप्पा गायी घेऊन चारा छावणीत राहायला गेलेले. मी पुण्यात, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. म्हणजे, घरच्यांना तसं वाटत होतं!

एक दिवस आप्पांचा फोन. "रविवारी ये. बोलायचंय." फोन कट.

आप्पांना बोलायचंय? कुणी सांगितलं असेल? रविवारी पहिली एसटी पकडली.

छावणीत पोचले. आप्पा गायींपुढं ऊस टाकत होते. मला बघून बाजेवर टेकले.

"बस."

बसले. आप्पा जमिनीकडं बघताहेत.

"आप्पा, क्लास सोडला मी."

त्यांनी वर बघितलं.

"बेकरीत काम करते. केक बनवते. लई आवडतं मला."

तरी गप्प! म्हणजे पुढचंही कळलंय?

"आन तिथला एक पोरगा हाय... लग्न करू म्हणतोय. मीबी हो म्हणलंय!"

आप्पांच्या हातातलं उसाचं कांडं खाली पडलं.

"अगं," ते कसंबसं म्हणाले, "मला दूध सोसायटीचा चेअरमन केलाय. सभेत चार शब्द बोलावं लागत्यात. तू लिहून देशील का, एवढंच इचारायचं हुतं."

"मग गप का म्हून बसलात?"

"पोरीला कसं इचारावं, सुचंना."

"आन लहानपणी? तवा तर रागानं गप बसायचात ना?"

"तवाबी सुचायचं न्हाई. काय बोलून रागवावं? तुमीच सगळं सांगून मोकळं व्हायचात, मग मी उठायचो."

मला हसू फुटलं. आप्पाही हसले. वाटलं, सुटले बाई!

तेवढ्यात गाईच्या आडून आई उठली. हातात दुधाची चरवी. तिनं पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं.

आणि त्या वर्षी पाण्याची टंचाई होती, चाऱ्याची होती. आईकडं शब्दांची मात्र मुळीच नव्हती!