फिरतूने धरलेला सूर

...आणि नुसता सूर धरायला तीन वर्षं कशाला लागतात, हे माझं म्हणणं आजही आहे. एकच स्वर, गाल फुगवून, नाकानं श्वास घेत तासभर... सनई वाजवणार दुसरा, वाहवा त्याची. म्हणून तर मी नालवाडीच्या आपल्या सनईच्या मंडळातून उठलो आणि इकडे भिलाईला बांधकामावर आलो.

मधे, मला तीन वर्षं त्या सुरावर बसवणाऱ्या गणपतकाकांचं पत्र आलं. वडनेरच्या बँडमधले दोघे क्लॅरिनेटवाले मंडळात आले, शाळेचे एक गुरुजी बासरी शिकवू लागले, आता सतरंजी पुरत नाही म्हणतात. खाली लिहिलं होतं, "तुह्यं नाव अजून कापलं नाई. राह्यचं का नाई ते सांगजो." मी रागात उत्तरच दिलं नाही.

परवा रविवारी आमच्या मुकादमाच्या मुलीचं लग्न झालं. मी तोऱ्यात सांगून बसलो, सनई मी वाजवतो, सूर धरायला कोणी लागत नाही.

पाच मिनिटांत घसरलो. खाली सूर नसला की कुठून निघालो तेच कळत नाही... पाहुणे हसू लागले. मुकादम म्हणाला, "इसको पहले पानी पिलाओ रे."

तेव्हा फिरतू उठला. दुर्गकडचा, पन्नाशीचा, आमच्याच टोळीत गिट्टी वाहतो. खोलीवरून मोहरी घेऊन आला, म्हणजे त्यांच्याकडची सनईच. तोंडाची, फुंकायची पत्ती जरा मागेपुढे करून माझ्या स्वराला मिळवली, शेजारी बसला आणि तोच स्वर धरला. पंगती उठेपर्यंत सोडला नाही. माझं वाजवणं पार पडलं.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, आता तू वाजव. त्यानं वाजवलं... माझ्यापेक्षा कितीतरी सरस. मला बसल्या जागी लाज वाटली. विचारलं, मग काल तूच का नाही वाजवलंस?

"लगन में बुलाया तो तुमको था," एवढंच म्हणाला.

तेव्हा मंडळींनो, काकांशी माझं भांडण आहे तसंच आहे, पण नाव कापू नका. दिवाळीत येतो, सूर मी धरीन. वाजवायला फिरतू येतोय, त्याचंही नाव लिहून घ्या. हा कागद फळ्याशेजारी लावा, सगळ्यांनी वाचला तरी चालेल.

दोघांची वर्षाची वर्गणी मनिऑर्डरनं पाठवली आहे... सहा रुपये.