तपासणीची अर्धी वडी

परवा सुनेनं कणीक तुपात खमंग भाजून गुळात घातली, आणि त्या वासानं मी थेट डहाणूच्या रेल्वे क्वार्टरात जाऊन पोचले बघा.

आम्ही डहाणूजवळच्या कैनाड गावचे. आई त्या क्वार्टरांत भाजी विकायची, मी टोपली धरायला. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. तिथल्या एक बाई मला गोष्टीचं पुस्तक वाचायला द्यायच्या, आणि वर गूळपापडीची वडी. "गोड खात वाच गं, मनात राहतं."

आईचे डोळे बारीक झाले. "फुकट कोण देतं? पोरीला घरकामाला ठेवायचा डाव असेल. वडीत काय घातलंय, पुस्तकात काय लिहिलंय, मला कळलं पाहिजे. नाहीतर दोन्ही परत!"

पुस्तक जाईल म्हणून माझा जीव खालीवर. मग घरी ओटीवर तपासणी व्हायची. अर्धी वडी आधी आई खायची, आणि मी अडखळत मोठ्यानं वाचायची. "थांबू नको, वाईट ते शेवटाला लपवलेलं असतं." पुस्तक संपलं की म्हणायची, "यात नाही सापडलं. पुढचं आण, बघू."

अशी किती पुस्तकं तपासली आम्ही! आईला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं.

परवा वडी तोंडात टाकली, आणि साठ वर्षांनी मला आईचाच संशय आला.