अठ्ठ्याहत्तरावं मिनिट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

मी इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा वेडा. इंग्लंड बघितलेलं नाही, साधा पासपोर्टही नाही. पण इंद्रलोक कॉलनीतल्या आमच्या घरी केबल आली तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ त्या लाल जर्सीच्या नावावर. आणि हसू नका, पण माझा एक नियम होता — आपली टीम पुढे असताना बसल्या जागेवरून उठायचं नाही. एकदा पाणी प्यायला उठलो आणि आम्ही गोल खाल्ला. तेव्हा आईवर असा खेकसलो की तीही नियम पाळायला लागली. मॅच चालू असली की हाक मारायची नाही. घर ते केवढं — वन रूम किचन, तेव्हा आम्ही दोघंच. तरी बिचारी पाय न वाजवता फिरायची.

त्या शनिवारी तिने हाक मारली. "बाळा, जरा ये रे. हाताला कसंतरी होतंय."

आम्ही एका गोलने पुढे होतो. "थांब गं, संपतेय," मी म्हणालो. मग आत भांडं पडलं. ऐकलं मी — आता कशाला खोटं बोलू? आवाज वाढवला आणि बसून राहिलो. मॅच जिंकलो आम्ही.

आत गेलो तर आई ओट्याखाली पडलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजाऱ्यांनी रिक्षात घातली. हॉस्पिटलात ताई मीरा रोडहून धावत आली. "तू कुठे होतास रे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "खाली, दूध आणायला."

एवढ्यावर थांबलं असतं तर — पण नाही थांबलं. डॉक्टर बाहेर आले. मेंदूत गुठळी आहे म्हणाले. नक्की कधी झालं? वेळ पक्की कळली तरच ती विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, नाहीतर त्या इंजेक्शननेच जिवाला धोका. मला वेळ माहीत होती हो. भांडं पडलं तेव्हा मॅचचं घड्याळ टीव्हीच्या कोपऱ्यातच चालू होतं. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. कुठल्या मुलाला इतकं नेमकं माहीत असतं? पण ताई शेजारी उभी होती. मी म्हणालो, "माहीत नाही डॉक्टर, मी घरी नव्हतो."

इंजेक्शन दिलं नाही. दिलं असतं तर ती बरी झाली असती का? डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं, पण त्याच्या आड मी लपणार नाही. मॅच? मॅच मी अजूनही बघतो.

आईचा उजवा हात गेला, बोलणं गेलं. पुढे दोन वर्षं ती खाटेवर होती. भेटायला येईल त्याला ताई सांगायची, "बिचारा दूध आणायला गेला, तेवढ्यात झालं. आता किती करतो आईचं." मी तिथेच खाटेच्या कडेला बसून मान हलवायचो. दुकानात गर्दी होती, हेही मीच मागाहून जोडलं.

आईचं फक्त बोलणं गेलं होतं. ऐकू तिला सगळं येत होतं.