पाठीवरची हळद

चाळिशीत मी योगा करायची तेव्हा वसमतमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीला त्याचा ताप होता. देवळाच्या सभामंडपात सकाळी बायकांचा वर्ग भरायचा आणि मी कायम पहिल्या रांगेत. कपाळ गुडघ्याला टेकवायचं आणि तिरप्या डोळ्यानं शेजारणीचं कुठवर आलंय ते बघायचं, ही माझी साधना. मागच्या रांगेत एक वयस्क बाई शवासनात घोरायच्या. त्यांच्या घोरण्याची नक्कल मी गिरणीपुढं दळणाला थांबलेल्या बायकांना करून दाखवायची. जणू माझी हाडं सोनाराकडून घडवून आणली होती.

मग नात झाली, मालक गेले आणि योगा सुटला. म्हणजे करणं सुटलं, त्याबद्दल बोलणं नाही.

गेल्या दिवाळीनंतर हिंगोलीच्या डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून बघितले आणि माझ्याशी न बोलता सुनेला म्हणाले, "रोज हालचाल झाली नाही, तर यांना उठवायला-बसवायला माणूस लागेल." तो माणूस कोण, हे त्या खोलीत तिघांनाही कळलं. परतीच्या एसटीत मीच तोरा दाखवला. "मला काय शिकवतो तो डाक्टर? उद्यापासून घरीच योगा करते. फक्त दार लोटलेलं असलं की मधी कुणी यायचं न्हाई."

लेकानं मॅट आणली. सून पहाटे उठून पाणी भरायची, डबे करायची आणि माझ्या वाटणीची भाजी निवडणं, देवाची भांडी घासणं तिनं स्वतःकडं घेतलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची. नात मोठ्यानं बोलली की दटावायची, "हळू बोल, आज्जीचा योगा चालू हाय."

आत काय चालू होतं? सुरुवातीला हात वर, हात खाली एवढं झालं. पण ओणवं व्हायची वेळ आली की गुडघ्यांच्या आधी मीच कण्हायची. म्हणून मी शवासन आधी घ्यायला लागले. पुढं शवासनच राहिलं. घोरत होते का, ते मला कसं कळणार?

होळीच्या सुमारास दिराच्या शेतातून घरखर्चापुरती शिजवलेली हळद आली. गच्चीवर वाळत घालायला ताडपत्री पुरेना, तर मी मोठ्या हुशारीनं माझी मॅट अंथरली. तेवढीच मला सुट्टी. हळद वाळली, उचलली, पण मॅटच्या खाचांत बसलेला रंग धुऊनही निघाला नाही. घाम आला की कपड्याला लागायचा. योगाला मी नातीचा कॉलेजचा जुना पांढरा ड्रेस घालायची.

एका दुपारी मी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसले होते आणि सून कपडे वाळत घालत होती. हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि उन्हात उडतो, म्हणून तिनं माझ्या ड्रेसची पाठ उन्हाकडं केली.

"आत्याबाई, एक विचारू? राग न्हाई ना येणार?"

"विचार की."

"सूर्यनमस्कारात गुडघे टेकतेत ना खाली? अन् तळहात?"

"टेकतेत तर. बराबर टेकतेत."

"मग तुमचे गुडघे पांढरेशिप्पट काहून राहतेत? रोज निस्ती पाठच पिवळी."

एवढं बोलून तिनं चिमटा लावला आणि बादली घेऊन खाली गेली. तार गल्लीच्या बाजूला होती. म्हणजे इतके दिवस माझी पाठ साऱ्या गल्लीला दिसत होती. आणि ते डाग रोज ती हातानं चोळत होती, तोंडातून एक शब्द न काढता.

लाज वाटली. पण अक्कल कुठली यायला! दुसऱ्या दिवशी दार लोटलं आणि ठरवलं, आज गुडघ्यांना हळद लावायचीच. कॉट धरून कशीबशी खाली उतरले, तळहात टेकले आणि गुडघे मॅटवर घासायला लागले. पुढं-मागं, पुढं-मागं. मन भरल्यावर उठायला गेले, तर उठता येईना. कॉट पाठीमागं राहिली होती आणि वळायची सोय नव्हती. मार्जारासनातली मांजर, आणि चोरटी मांजर.

शेवटी हाक मारली. सून ओल्या हातांनीच आली.

"योगा करून राहिले," मी म्हणाले.

"दिसून राहिलं मला."

तिनं माझ्या काखेत हात घातला, जोर लावला आणि "आई गं" करून मॅटवर बसलीच. एक हात कंबरेवर.

"काय झालं गं?"

"काही न्हाई. कंबर हाय. पाणी भरून भरून धरलीय. संक्रांतीपासून तकलीफ हाय जरा."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमचा योगा चालू होता ना."

त्यात टोमणा असता तर मी परतवला असता. टोमणा नव्हता. मला उठवायला जो माणूस लागणार होता, त्यालाच मी झोपून झोपून मोडत आणलं होतं. मी तशीच ओणवी, मान वर करायची हिंमत होईना.

मग म्हणाले, "माझ्यासारखी ओणवी हो. आता पोट खाली सोड, श्वास घे. सोडताना पाठ वर कर, मांजरीवानी." तिनं केली. मीही केली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली. गॅस बंद करायला कुणी गेलं नाही. मग ती हळूच वळली, कॉट धरली, मी तिचा खांदा धरला आणि आम्ही उठलो.

आता दार उघडं असतं. शवासन अगदी शेवटी, तेही तिच्या शेजारी. पाणी लेक भरतो. भाजी आणि देवाची भांडी मी परत माझ्याकडं घेतली आहेत. मधल्या रविवारी ती गावाला गेली तेव्हा मी दांडी मारली, ते तिला सांगावं लागलं नाही. ड्रेस साबणात टाकायच्या आधी ती अजून गुडघे उलटून बघते. मी तिथंच उभी राहून बघू देते.