दशरथ भोईरचा दुसरा आवाज

गोडदेव गावच्या मैदानात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने असले की माइक दशरथ भोईरच्याच हातात असायचा. आठवडाभर काशीमिऱ्याच्या गोदामात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायच्या आणि रविवारी मांडवाखाली बसून सामना असा रंगवायचा, की घरात भाकऱ्या थापणाऱ्या बायांनाही कोण बाद झालं ते कळायचं. घरातही बोलणारा तोच. बायको सरूबाई अबोल. तिच्या वाटचंही तोच बोलून टाकायचा.

पन्नाशी उलटल्यावर त्याचा घसा बसला तो सुटेचना. काढे झाले, गोळ्या झाल्या. शेवटी मुंबईच्या इस्पितळात कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं होतं. ते रुमालानं झाकून दशरथ घरी आला, तो कायमचा मुका होऊन.

त्यानं पाटी घेतली. पण मुलगी स्वप्नाली कामावरून येईपर्यंत पाटीचा उपयोग नव्हता, कारण सरूबाईला वाचता येत नव्हतं. तो लिहून समोर धरायचा, ती अक्षरांकडे बघत राहायची आणि मग अंदाजानं पाणी आणून द्यायची. त्याला पंखा बंद करून हवा असायचा. एकदा संतापून त्यानं पाटी भिंतीवर आपटली. सरूबाई तुकडे वेचायला बसली. मग तोही खाली बसला आणि तुकडे उचलू लागला.

त्या आठवड्यात स्वप्नालीनं एक लहानसा लॅपटॉप आणला. कॉलेजच्या पोरांसाठी मिळतो तसला, स्वस्तातला, वहीएवढा. फोनवरही हे जमलं असतं, पण बापाच्या जाड बोटांना फोनवरची अक्षरं सापडत नव्हती. लॅपटॉपवर त्याची सवयीची बटणं होती. टाइप करायचं, एक बटण दाबायचं, की आतून पुरुषाचा आवाज ते वाचून दाखवायचा. आवाज कोरडा, शाळेच्या पुस्तकातल्या मराठीतला.

सरूबाई पहिल्या दिवशी दचकून स्वयंपाकघरात निघून गेली. “यो कोन परका मानूस आपल्या घरान बोलतंय?” ती लेकीला म्हणाली. पण दुपारी त्या परक्या माणसानं पंखा बंद करायला सांगितलं, आणि तिनं उठून तो बंद केला.

लॅपटॉप चालू व्हायला फार वेळ घ्यायचा. दशरथ सकाळी आधी त्याचं झाकण उघडायचा, मग तोंड धुवायला जायचा. सरूबाईनं त्याला गळ्यात अडकवायची पिशवी शिवून दिली. वजन जाणवत नसे, म्हणून बाजारात, नाक्यावर, सगळीकडे तो सोबत. रिक्षावाल्यासाठी, भाजीवाल्यासाठी ठरलेली हिंदी वाक्यं त्यानं आत तयार ठेवली होती. उन्हात पडद्यावर काही दिसायचं नाही. मग तो कुणाच्या तरी दुकानाच्या सावलीत जाऊन टाइप करायचा.

मैदानात मात्र त्याचं जमेना. पोरं आदरानं खुर्ची द्यायची, पण त्याचं वाक्य तयार होईपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. यंत्र भलत्याच वेळी बोलायचं आणि सगळे गप्प व्हायचे. पावसाळ्याआधीच त्यानं तिकडे जाणं सोडलं.

वर्ष झालं नाही तोच गळ्याला पुन्हा गाठ आली. इस्पितळात डॉक्टर रिपोर्ट बघून सगळं स्वप्नालीलाच सांगू लागले, अर्धं इंग्रजीत, हळू आवाजात. दशरथनं मांडीवर लॅपटॉप उघडला. बाहेर रांग होती, डॉक्टर घड्याळ बघत होते, आणि यंत्र काही केल्या सुरू होत नव्हतं. स्वप्नालीनं डॉक्टरांना थांबायची खूण केली. अखेर तो आवाज आला.

“डॉक्टर, मला ऐकू येतं. आजार माझा आहे. मला सांगा.”

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. आता ऑपरेशन शक्य नव्हतं. औषधांनी थोडे महिने वाढले असते, पण ते अंथरुणातच गेले असते. किती दिवस, असं दशरथनं विचारलं. दिवाळीपर्यंतचंही सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

परतताना स्वप्नाली म्हणत होती की आईला इतक्यात सांगायला नको. दशरथनं नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सरूबाई मोरीशी बोंबील साफ करत होती. दशरथ पाटावर टेकला. मजकूर त्यानं आधीच टाइप केला होता, या वेळी आपल्या बोलीत. यंत्र शब्दाशब्दाला अडखळलं.

“सरू, माजा आजार परत आयलाय. आता औषदाचा उपेग न्हाय. मना इस्पितलान न्हाय मराचा. घरानच ऱ्हाचा हाय.”

तिनं हात न धुताच ते पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा ऐकलं. मग पदरानं डोळे पुसले.

“ते बंद करा,” ती म्हणाली. “आता मी बोलतंय, तुमी आयका.”

आणि जन्मभर गप्प राहिलेली सरूबाई बोलत राहिली. लग्नाआधीचं माहेर, जन्मताच गेलेला पहिला मुलगा, त्या वेळी दशरथ सामने सांगत फिरायचा त्याचा राग, सगळं. बोंबील तसेच पडून होते. तिनं मुलाचं नाव घेतलं तेव्हा दशरथनं तिचा ओला हात धरला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत सोडला नाही. त्यानंतर रोज दुपारी ती त्याच्याशी बोलत बसायची.

नवरात्रानंतर त्याची बोटं चालेनाशी झाली. लॅपटॉप कपाटात गेला. दिवाळीला चार दिवस असताना सकाळी, आपल्या घरातच, तो गेला.

पुढे इस्पितळातून कळलं की काशीमिऱ्याच्या एका ट्रक ड्रायव्हरचं तेच ऑपरेशन झालंय. लॅपटॉप त्याला द्यायचा ठरला, तेव्हा सरूबाई म्हणाली, मी पण येते. ड्रायव्हरच्या बायकोशी ती मोडक्या हिंदीत बोलली.

“वो टाइप करेगा ना, तो बहुत टाइम लगेगा. तू बीच में उठना मत.”

त्या बाईनं चहा ठेवला. सरूबाई चहा पिऊन, पिशवी कशी अडकवायची ते दाखवून, लेकीबरोबर निघाली.