माफ करायला काढलेलं तिकीट

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा मी खिडकीशी अशी ताठ बसले होते, की बघणाऱ्याला वाटावं, कुण्या संस्थानाची राणी न्यायनिवाड्याला निघाली आहे. अंगावर इरकली, मांडीवर फराळाचा डबा, आणि मनात एक भाषण. त्या काळी बाईमाणसाने एकटीने पुण्याहून सोलापूरला जाणं म्हणजे धाडसच. पण धाडसापेक्षा माझ्याजवळ तोरा जास्त होता. मी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, माफ करायला चालले होते.

काय माफ करायचं होतं, ते आधी सांगते. माझा पहिला मुलगा तापाने गेला. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याला, अंग थोडं कोमट असताना, माहेरी, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत घेऊन गेले होते. दुखवट्याला बायका जमल्या होत्या, तेव्हा अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "तापातलं लेकरू जत्रंत मिरवलंस. तूच घालवलंस त्याला." त्यानंतर कित्येक वर्षं मी माहेरचं तोंड पाहिलं नाही. त्या वर्षी आईचा निरोप आला, दसऱ्याला ये. मी ठरवलं, जायचं. अक्का रडेल, हात जोडेल, मग आपण जरा थांबून, मान किंचित तिरकी करून म्हणायचं, "झालं गेलं, अक्का." ती तिरकी मान मी आरशात बघून बसवली होती. काय बाई होते मी!

दौंड गेलं, भीमेवरचा पूल धडधडत गेला. पुढे काळं रान, हिरवी ज्वारी, मधूनच एखादं लिंबाचं झाड. कुर्डुवाडीला दशमी आणि शेंगाची चटणी खाल्ली आणि भाषणाची उजळणी करता करता राणीसाहेबांचा डोळा लागला. जाग आली ती हमालाच्या ओरडण्याने: "होटगी! होटगी!" सोलापूर मागेच राहिलं होतं.

होटगी जंक्शनवर उलटी गाडी येईपर्यंत बाकावर बसले. शेजारी विजापूरकडून आलेली एका व्यापाऱ्याची जाडजूड बायको पेरू खात होती. तिलाही सोलापूरलाच जायचं होतं.

"सोलापूर सोडून हितं कशी आलीस गं?"

"झोप लागली."

"आन चाललीस कुणाकडं?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "बहिणीला माफ करायला."

बाई इतकी हसली की पेरूची फोड हातातून पडली. "माफ कराया टिकिट काडून? आमच्या घरात तर जावा-जावा चुलीम्होरंच उरकतो की!" मग फोड उचलून, पुसून, मलाच देत म्हणाली, "घे. रागाच्या माणसाला भूक लई लागती." राग आला, पण पेरू खाल्ला. गोड होता.

सोलापूरला उतरले तेव्हा दिवस कलत आला होता. गिरण्यांची धुराडी आभाळात काळी उभी, टांगेवाले मराठीत, कानडीत, तेलुगूत, दख्खनीत भाडं ओरडत होते. नवी पेठेत झेंडूच्या माळांनी रस्ता पिवळाधमक झाला होता. त्या गर्दीतून टांगा आमच्या बोळात शिरला. दारात अव्वा (आई) उभी होती. थकली होती. मला धरून रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "पुण्यात खायला घालत न्हाईत व्हय गं?"

अक्काचं सासर त्याच बोळात, दोन दारं सोडून. ती काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या कानडी-मराठी घरांत त्या संध्याकाळी बन्नी (शमीची पानं) देतात. धाकट्याने थोरल्याच्या दारी जायचं, पानं हातात द्यायची, पाया पडायचं आणि म्हणायचं, "बन्नी तोगोंडु बंगारदंग इरोण" (बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या). वर्षभराचं भांडण तिथे संपतं. रीत मला ठाऊक नव्हती असं नाही; तिच्यातच तर वाढले. पण माझ्या भाषणात या रीतीला जागाच नव्हती.

दिवे लागले. अव्वाने माझ्या ओंजळीत पानं घातली. "जा की. धाकटी हायस तू."

"चूक कुणाची, अव्वा?"

"बन्नी चूक न्हाई बघत. वय बघती."

मी हलले नाही. सोप्यात पाट मांडून बसले. बोळातल्या पोरीबाळी, सुना येत होत्या, अव्वाच्या पाया पडत होत्या, होळगी (पुरणपोळी) खाऊन जात होत्या. सगळ्यांची नजर एकदा माझ्या ओंजळीवर आणि एकदा दाराकडे. पानं घामाने ओली झाली.

आणि अक्का आली. केस पांढरे झाले होते, एवढंच आधी दिसलं. बायकांनी वाट दिली. ती सरळ माझ्यापुढे आली, पानं माझ्या मांडीवर ठेवली, "बन्नी तोगोंडु" एवढं कसंबसं म्हणाली आणि वाकली. थोरलीने धाकटीच्या पाया पडणं आमच्यात अभद्र समजतात.

मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. एक क्षण मला ते आवडलं. अजून हे लिहिताना कानशिलं तापतात.

"शिव शिव!" अव्वा ओरडली. "थोरलीला वाकवलंस गं!"

"ऱ्हाऊ दे, अव्वा," अक्का उठत म्हणाली. "त्या दिशी जीभ आवरली न्हाई माजी. आज कंबर तरी वाकू दे." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मीबी त्याला कडंवर घेऊन हिंडले व्हते गं जत्रंत. कुणाला तरी बोल लावल्याबिगर मला झोप येईना."

हे मी विसरले होते. जत्रेत तो निम्मा वेळ तिच्याच कडेवर होता. भाषण कुठे गेलं, तिरकी मान कुठे गेली! तोंडातून निघालं ते एवढंच: "होळगी खाल्लीस का?"

"तुज्यासाटी थांबले की."

मग मी तिच्या पायांवर पडले. पण ते उशिराचं, आणि साऱ्या बोळाला ते कळत होतं. आम्ही एका ताटात जेवलो. तिने माझ्या होळगीवर तूप वाढलं. माझी मान वर होत नव्हती.

निघताना ती स्टेशनवर आली. शेंगाच्या पोळ्या फडक्यात बांधून दिल्या आणि म्हणाली, "आता झोपू नगंस. पुणं चुकलं तर थेट मुंबईला जाशील." होटगीची गोष्ट अव्वाने तिला सांगितली होती.

घरी मालकांनी विचारलं, "केलंस का माफ?" मी शेंगाच्या पोळ्यांचं फडकं सोडून त्यांच्यापुढे ठेवलं. तिचं ते दुखवट्यातलं वाक्य आठवलं की अजून आत काहीतरी टोचायचं, आणि तिचा पांढरा भांग माझ्या पायांशी आठवला की त्याहून जास्त. पुढे दर दसऱ्याला मी सोलापूरला जात राहिले; टांगा बोळात शिरला की सामान टाकून आधी तिचं दार. टोचणं कधी थांबलं, नेमकं सांगता येत नाही. होटगीला जाग आली तेव्हा सोलापूर जसं मागे गेलेलं होतं, तसंच ते झालं.

अक्का आता नाही. माझ्या धाकट्या जावा दसऱ्याला माझ्या पाया पडायला येतात. त्या वाकायच्या आधीच मी पाय पोटाशी घेते. त्यांना वाटतं, म्हातारीला संधिवात आहे.