सात नंबरची किल्ली

११ डिसेंबरला मी १,८४५ रुपयांना एक यंत्र घेतलं. साबणाच्या वडीएवढं, पांढरं. गॅस कोंडलेल्या जागेत जळला की जो विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. तो साठला की हे यंत्र किंचाळतं. मला ते नकोच होतं. मुलीने धोशा लावला होता, "बाबा, महिन्याचे दहा दिवस लॉजवर काढता आणि तिथे बाथरूममध्ये गॅसचे गिझर. मुकाट्याने घ्या." घेतलं. आठवड्याभरात त्याचे सेल उतरले आणि ते दर मिनिटाला टुकटुक करायला लागलं. मी सेल काढून फेकले आणि मुकं यंत्र बॅगेत टाकलं.

आमच्या कंपनीच्या शाखा तपासायला गेलो की मी एकाच लॉजवर उतरतो, खोली नंबर सहा. तिथल्या चौदा खोल्या एकच बाई सांभाळते. कमरेला चौदा किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळे तिला किल्लीताई म्हणतात. ती येण्याआधी तिचा आवाज येतो. बावीस वर्षं ती तिथे आहे. चादरीला सुरकुती दिसली तर तिला जेवण जात नाही. खोलीतली कुठलीही वस्तू बंद पडलेली तिला खपत नाही. भिंतीवरचं घड्याळ थांबलं तर मॅनेजरची वाट न बघता स्वतःच्या पैशाने सेल आणून घालते. आणि तिचा एक नियम: आत गिऱ्हाईक असताना बाहेरून किल्ली लावायची नाही. मग काहीही होवो.

तीन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे तक्रार केली होती. बाथरूमच्या झरोक्यातून गार वारा येतो, अंघोळ करताना हुडहुडी भरते. दुसऱ्या दिवशी झरोका बंद. वर्तमानपत्राच्या चौपदरी घड्या, एकसारख्या, सुताराने बसवाव्यात तशा. मी शाबासकी दिली. ती हसली आणि तिने उरलेल्या तेरा खोल्यांनाही तेच केलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा गेलो. सकाळी कपडे काढताना यंत्र बॅगेबाहेर आलं, ते टेबलावरच राहिलं. संध्याकाळी परतलो तर त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"बंद होतं साहेब," किल्लीताई दारातून म्हणाली. "सेल घातले. काय आहे ते? घड्याळ म्हणावं तर काटे नाहीत."

"मुलीची भीती आहे," मी म्हणालो. "गिझरचा विषारी वायू साठला की ओरडतं." ती हसली. मीही हसलो. सेलचे पैसे विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते किंचाळलं. मी अजून अंघोळीलाही गेलो नव्हतो. किल्लीताई धावत आली.

"बिघडलंय. तुमचा गिझर तर बंद आहे."

"हो, पण..."

"बंद करा ते. लोक जागे होतील."

मला बटण सापडेना. मी बाथरूममध्ये शिरलो. सहा आणि सातच्या बाथरूममधली भिंत छताला टेकत नाही, वर वीतभर फट आहे. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. किल्लीताईने भिंतीला हात लावला आणि तो तसाच राहिला.

"सातमध्ये पाणी चालू आहे. मी सात वाजता इथून गेले तेव्हाही चालू होतं."

सातमध्ये एक जोडपं होतं, दोन वर्षांची मुलगी घेऊन आलेलं. आदल्या दिवसापासून त्या बाईचं डोकं दुखत होतं. मॅनेजर म्हणाला होता, प्रवासाचा शीण. नवरा तिकिटं काढायला गेला होता. मी दार ठोठावलं. किल्लीताईने ठोठावलं. "पोरी, दार उघड गं!" उत्तर नाही.

मॅनेजर खालून ओरडला, "काय तमाशा चाललाय? गिऱ्हाईक आत आहे!"

किल्लीताईने जुडग्यातून सात नंबरची किल्ली काढली, पण कुलपाला लावली नाही. "आणि ती नुसती अंघोळ करत असली तर?" ती मला म्हणाली.

"तर मी माफी मागेन. लावा."

तिने किल्ली फिरवली.

बाई बाथरूमच्या उंबऱ्यावर आडवी पडली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. मुलगी पलंगावर होती, रडत होती, पण त्या रडण्यात जोर नव्हता. किल्लीताईने मुलीला उचललं, मी बाईला काखेत धरून ओढलं आणि दोघींना गॅलरीत मोकळ्या हवेवर आणलं. मॅनेजरने खालून गॅसचा मुख्य कॉक बंद केला. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर अवघड होतं. दोघी वाचल्या.

दुपारी नवरा सामान न्यायला आला. मॅनेजर त्याला सांगत होता, गिझर नवाच आहे, कंपनीचा दोष असेल. किल्लीताई मधे उभी राहिली. हातात कागदाच्या चार घड्या.

"झरोका मी बंद केला होता. वारा लागू नये म्हणून."

"तुला कुणी विचारलं?" मॅनेजर दात खाऊन म्हणाला.

"सांगून टाकलं."

मी म्हणालो, "तक्रार माझी होती." नवरा दोघांकडे बघत राहिला. बॅग उचलून गेला.

मालकाने फोनवरून तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. ती म्हणाली, "उद्याचं उद्या. आज कागद काढते." तिने चौदाही झरोके मोकळे केले. एकेक घडी उलगडत होती, तारीख बघत होती, पुन्हा घडी घालून बाजूला ठेवत होती. मी मागे मागे फिरत होतो; बसवत नव्हतं.

मी कंपनीतर्फे मालकाला कळवलं की गिझर बाथरूमबाहेर बसवल्याशिवाय आणि किल्लीताई कामावर असल्याशिवाय आमचा माणूस इथे उतरणार नाही. वर्षाचं बिल बरंच होतं. फेब्रुवारीत गिझर मागच्या गॅलरीत गेले. किल्लीताई राहिली.

यंत्र मी तिच्याकडेच ठेवलं. रोज सकाळी ती त्याचं बटण दाबून बघते. आता गिऱ्हाईक अंघोळीला गेलं की ती जिन्यात थांबते, पाणी बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत. घरी भर थंडीत खिडक्या उघडते. सून म्हणते, सासूबाई आम्हाला गोठवणार. मीही नव्या लॉजवर गेलो की आधी झरोका बघतो, मग पलंग. झोप पूर्वीसारखी लागत नाही.

त्या सेलचे पैसे दोनदा देऊ केले. तिने घेतले नाहीत. साठ रुपये देणं बाकी आहे.